व्हायोलिनप्रधान इंडी गीतांचा कौल कसा घ्यावा

गाण्यांची तुलना करून बहुमताने त्यांचा अनुक्रम लावण्याचा प्रघात रसिकांत जुना आहे. बीबीसीच्या रेडिओ वनवर जॉन पील यांनी १९७६ साली श्रोत्यांच्या पसंतीची पन्नास गाणी वर्षअखेरीस ऐकविण्यास आरंभ केला. ऑस्ट्रेलियातील ट्रिपल जे या सार्वजनिक नभोवाणीकेंद्राने १९८९ पासून शंभर गाण्यांसाठी कौल घेण्याची प्रथा पाडली. आणि या दोहोंच्याही फार पूर्वी, १९५२ साली, रेडिओ सिलोनवरून सुरू झालेल्या अमीन सयानी यांच्या ‘बिनाका गीतमाले’ने ध्वनिमुद्रिकांचा खप व श्रोतासंघांची मते जमेस धरून हिंदी चित्रपटगीतांच्या ‘पायदानां’चा हिशेब घरोघर पोहोचविला होता. आज हाच उद्योग मित्रमंडळींच्या लहान लहान वर्तुळांत मोठ्या हौसेने चालतो, आणि मोठ्या कंपन्यांच्या आश्रयावाचून वाढलेल्या ज्या पाश्चात्त्य संगीताला इंडी म्हणतात त्याच्या चाहत्यांत तर व्हायोलिनच्या आधारावर उभी असलेली गाणी हा अशा कौलाचा विशेष आवडता विषय होऊन बसला आहे. पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांत आणि परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील तरुणांतही या संगीताचे श्रोते आहेत; त्यांच्यापैकी ज्यांना असा कौल घ्यावासा वाटत असेल त्यांच्यासाठी हे विवेचन आहे.

प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी. आवडत्या गाण्याला मत देणे आणि ज्या गाण्यात व्हायोलिनने मोठी कामगिरी बजावली आहे त्याला मत देणे ही दोन भिन्न कृत्ये होत. व्हायोलिनने गाण्यात कोणते काम पत्करले आहे व ते कितपत तडीस नेले आहे, याचा विचार न करता दिलेले मत बहुधा गायकाच्या कंठाला, शब्दांना किंवा ते गाणे ज्या वयात ऐकले त्या वयाच्या स्मृतीला दिलेले असते. असे मत देण्यात अधर्म नाही. मात्र त्याची बेरीज करून काढलेला निकाल व्हायोलिनविषयी काहीही सांगत नाही. म्हणून कौलाचा प्रश्न अगदी निःसंदिग्ध शब्दांत लिहून काढावा, आणि तो लिहिला गेल्यावर मगच गाण्यांची यादी मागवावी. बहुतेक ठिकाणी याच्या नेमके उलट घडते: आधी शंभर नावे जमतात, आणि मग आपण काय मोजीत आहोत याविषयी वाद सुरू होतो.

यादीत प्रवेश कोणाला द्यावा, याला मला एकच कसोटी विश्वसनीय वाटते. कल्पनेने त्या गाण्यातून व्हायोलिन काढून घ्यावे आणि मागे काय उरते ते पाहावे. अँड्र्यू बर्ड यांच्या २००५ सालच्या ‘द मिस्टीरियस प्रॉडक्शन ऑफ एग्ज’ या संग्रहातील ‘फेक पॅलिंड्रोम्स’ या गाण्यातून व्हायोलिनची आरंभीची आवर्तणारी स्वरावली वजा केली, तर ढोल उरेल, गिटार उरेल, शब्द उरतील, पण गाण्याचा कणा नाहीसा होईल. सबब ते गाणे बिनहरकत मंजूर करावे. याउलट असंख्य गाण्यांत दुसऱ्या कडव्यानंतर व्हायोलिन येते, भावनेला थोडा उजाळा देते आणि निघून जाते. तेथे व्हायोलिनचे स्थान पाहुण्याचे आहे, आणि पाहुणा कितीही मधुर बोलला तरी घराचा कारभार त्याच्याकडे नसतो. अशी अर्जी नम्रपणे नामंजूर करावी, मग गाणे कितीही लोकप्रिय असो.

ही कसोटी लावूनही एक कठीण प्रकरण शिल्लक राहते. द व्हर्व्ह या इंग्लिश वाद्यसमूहाचे १९९७ सालचे ‘बिटर स्वीट सिंफनी’ हे गाणे अशा प्रत्येक यादीसाठी कोणी ना कोणी सुचवितोच, आणि सुचविणाऱ्याचा दावा सकृद्दर्शनी बळकट असतो. कारण तंतुवाद्यांची ती संथ फिरत राहणारी ओळ काढून घेतली तर त्या गाण्याचे अस्तित्वच उरत नाही. पण ती ओळ कोणा एका वादकाचा स्वर नव्हे. रोलिंग स्टोन्सच्या ‘द लास्ट टाइम’ या गाण्याचे अँड्र्यू ओल्डहॅम यांच्या वाद्यवृंदाने १९६० नंतरच्या दशकात जे रूपांतर ध्वनिमुद्रित केले होते, त्याचा एक तुकडा घेऊन त्यावर नवी रचना उभारली गेली. त्यावरून हक्कांचा दीर्घ तंटा झाला, आणि २०१९ साली मिक जॅगर व कीथ रिचर्ड्स यांनी आपले हक्क सोडून गीतकार रिचर्ड ॲशक्रॉफ्ट यांच्या स्वाधीन केले तेव्हा तो मिटला. बीटल्सच्या १९६६ सालच्या ‘एलिनॉर रिग्बी’तही जॉर्ज मार्टिन यांनी चार व्हायोलिने, दोन व्हियोला व दोन चेलो यांचे अष्टक योजले आहे, आणि तेथेही तंतुवाद्ये हेच सर्वस्व आहे. या गाण्यांचे श्रेय रचनाकाराचे व वृंदाचे आहे. ज्या गाण्यात वादक हा समूहाचा घटक असून त्याच्या गजाची ओळख ऐकणाऱ्यास पटते, त्याच्याशी यांची तुलना केल्यास दोघांवरही अन्याय होतो. माझी शिफारस अशी की वृंदप्रधान गाण्यांची स्वतंत्र वर्गवारी करावी आणि तिचा कौल वेगळा घ्यावा.

यादी तपासणाऱ्याने कानाच्या काही फसगतींपासूनही सावध राहावे. द व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या १९६७ सालच्या पहिल्या संग्रहातील ‘व्हीनस इन फर्ज’ या गाण्यात जो घोगरा, अखंड, जणू भिंतीसारखा सूर ऐकू येतो तो पुष्कळांना व्हायोलिनचा वाटतो. वस्तुतः जॉन केल तेथे व्हियोला वाजवीत आहेत. त्यांनी व्हियोलाची घोडी घासून सपाट केली होती व गिटारच्या तारा चढविल्या होत्या, जेणेकरून एकाच वेळी अनेक तारांवर गज फिरावा. व्हायोलिनची सर्वांत खालची तार सुमारे १९६ हर्ट्झची आणि व्हियोलाची त्याहून एक पंचम खाली, सुमारे १३१ हर्ट्झची असते. तेव्हा कोणत्याही गाण्यात १९६ हर्ट्झच्या खाली उतरलेला गजाचा सूर आढळला तर तो व्हायोलिनचा नाही असे समजून पुढील चौकशी करावी. आइसलँडच्या सिगुर रोस या समूहातील योन्सी हे विद्युत् गिटारवर चेलोचा गज फिरवितात, आणि तो ध्वनीही नवख्याला व्हायोलिनवर्गातला वाटू शकतो. मेलोट्रॉन नावाच्या यंत्रात तर व्हायोलिनांचे सूर ध्वनिफितीवर मुद्रित करून पट्टीच्या दाबासरशी वाजविण्याची सोय होती, व साठ-सत्तरच्या दशकांतील कित्येक गाण्यांतील ‘व्हायोलिने’ त्या यंत्राचीच आहेत. ‘व्हीनस इन फर्ज’ मी यादीत घेणार नाही. पण मतदान करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ते आधी अवश्य ऐकावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण पुढल्या अनेक इंडी वादकांनी गजाकडून जे कठोर काम करून घेतले त्याची पायवाट तेथून निघते.

इंडी कोणास म्हणावे, यावर फार काळ दवडू नये. कॅम्पर व्हॅन बीथोव्हेन या कॅलिफोर्नियातील समूहाने १९८९ साली ‘पिक्चर्स ऑफ मॅचस्टिक मेन’ हे जुने गाणे नव्याने मुद्रित केले तेव्हा त्यांची ध्वनिमुद्रिका मोठ्या कंपनीने काढली होती, तरी त्यांची वृत्ती व घडण स्वतंत्र समूहाचीच होती. एक सोयीची व्याख्या ठरवावी, ती नोंदवहीत लिहावी आणि मध्येच बदलू नये, एवढे पुरे.

याच गाण्याने ऐकण्याच्या अभ्यासाला आरंभ करावा असे मी सुचवितो. मूळ गाणे स्टेटस को या इंग्लिश समूहाचे, १९६८ सालचे. त्यातील पुनःपुन्हा येणारी स्वरावली गिटारवर आहे, आणि नव्या मुद्रणात तीच कामगिरी व्हायोलिनवर सोपविली आहे. दोन्ही लागोपाठ ऐकली म्हणजे तोच स्वरसमूह छेडलेल्या तारेवर कसा उमटतो आणि गजाखाली कसा ताणला जातो, याचा जो प्रत्यय येतो तो कोणत्याही वर्णनाने येणार नाही. गिटारचा स्वर जन्मतःच क्षीण होऊ लागतो. गजाचा स्वर वादकाच्या इच्छेने वाढतो, थांबतो, करडा होतो. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात या गुणाचा उपयोग कोणी कसा केला, हेच आपल्याला मोजावयाचे आहे.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९९२ साली स्थापन झालेल्या डर्टी थ्री या त्रयीकडे पाहावे. वॉरन एलिस यांचे व्हायोलिन, मिक टर्नर यांची गिटार आणि जिम व्हाइट यांचा ड्रम एवढाच त्यांचा संभार, गायक नाही. १९९८ सालच्या ‘ओशन साँग्ज’ या संग्रहात जे काही बोलावयाचे ते व्हायोलिन बोलते, आणि ते सुरेल नागरी भाषेत बोलत नाही. एलिस यांनी व्हायोलिनला गिटारचे ध्वनिग्राहक जोडून त्याचा आवाज वर्धकातून असा काही काढला की त्यातील खरखर, श्वास, गज तारेवर टेकण्याचा आघात हे सर्व रचनेचे अंग बनले. अशा गाण्याला मत देताना सुरांच्या स्वच्छतेचा निकष लावणारा श्रोता त्यातील मर्माला मुकेल. येथे विचारावयाचा प्रश्न निराळा: शब्दांवाचून एवढा वेळ लक्ष धरून ठेवण्याइतके सांगण्यासारखे व्हायोलिनजवळ होते काय, आणि गिटार व ढोल यांनी त्याला ऐकून घेतले काय?

अँड्र्यू बर्ड यांची वाट अगदी वेगळी. वयाच्या चौथ्या वर्षापासून सुझुकी पद्धतीने शिकलेला आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात व्हायोलिनचे रीतसर शिक्षण घेतलेला हा शिकागोचा वादक गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतो, त्या छेडलेल्या स्वरांची वर्तुळे पायाखालच्या यंत्रात साठवितो, त्यांवर गजाचा सूर चढवितो आणि शीळ घालून त्या सर्वांच्या वरून चालत जातो. कॅनडातील ओवेन पॅलेट यांनीही हेच आवर्तन-यंत्र पायाखाली घेऊन मुख्यतः व्हायोलिन व कंठ यांच्या बळावर २००५ सालच्या ‘हॅज अ गुड होम’ या संग्रहात संपूर्ण गाणी उभी केली. पुढच्याच वर्षी त्यांच्या दुसऱ्या संग्रहास पोलारिस या कॅनडातील संगीतपुरस्काराचा पहिला मान मिळाला. अमेरिकेतील किशी बाशी व सूडान आर्काइव्ह्ज या नावांनी गाणारे कलावंतही याच मार्गाचे प्रवासी आहेत, आणि सूडान आर्काइव्ह्जने तर सुदानातील लोकवादकांच्या व्हायोलिनपासून प्रेरणा घेऊन या यंत्राला आफ्रिकी लयीचे वळण दिले आहे.

या आवर्तन-यंत्राविषयी मतदारास थोडे ज्ञान असणे अत्यावश्यक आहे. वादकाने वाजविलेला तुकडा यंत्र टिपून घेते व अखंड फिरवीत राहते, आणि त्यावर दुसरा, तिसरा, चौथा थर चढत जातो. पहिल्यांदा ऐकणारा या चढत्या थरांनीच दिपून जातो व तेथेच आपले मत देऊन मोकळा होतो. पण यंत्र जे सहज देते त्याचे श्रेय कलावंताला देण्याचे कारण नाही. थर चढविणे सुलभ असते. ज्या स्वरसंगतीवर पहिला तुकडा फिरू लागला तिच्यातून बाहेर पडणे, योग्य क्षणी सर्व थर उतरवून एकच तार उघडी ठेवणे, किंवा फिरत्या तुकड्याच्या विरुद्ध अंगाने चाल नेणे यांत खरी कसोटी आहे. असे गाणे ऐकताना मध्यानंतरच्या भागाकडे विशेष लक्ष द्यावे; तेथे रचना केवळ दाट होत गेली की तिला नवे वळण मिळाले, हे ताडून पाहावे. पॅलेट यांच्या ज्या गाण्याचे नाव आर्केड फायर या समूहातील विन व रेजीन यांच्यावरून ठेवलेले आहे, ते या दृष्टीने पुनःपुन्हा ऐकण्याच्या योग्यतेचे आहे. याच पॅलेट यांनी आर्केड फायरच्या २००४ सालच्या ‘फ्यूनरल’ या संग्रहासाठी तंतुवाद्यांची योजना करण्यात भाग घेतला होता. तेव्हा एकच कलावंत समूहात असताना व एकटा असताना व्हायोलिनला कोणकोणती कामे देतो, हेही अभ्यासकाने पडताळावे.

मराठी श्रोत्याने येथे आपल्याच कानाची थोडी उलटतपासणी केली पाहिजे. आपल्याला व्हायोलिन परिचित झाले ते गाणारे वाद्य म्हणून. गजाननबुवा जोशी, वि. गो. जोग यांनी रागसंगीतात आणि प्रभाकर जोग यांनी भावगीतात या वाद्याला कंठाच्या इतके निकट आणले की प्रभाकर जोगांच्या वादनाची ओळखच ‘गाणारे व्हायोलिन’ अशी झाली. व्हायोलिनला पडदे नसतात. त्यामुळे मींड, कण, आस यांना ते अनुकूल, आणि शब्दांचे उच्चारसुद्धा त्यातून सूचित करता येतात. दुसरीकडे चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणगृहांत माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय वादक-संयोजकांनी पाश्चात्त्य पद्धतीचे वृंदवादन रुजविले, आणि ते आपण दशकानुदशके नकळत ऐकत आलो. या दोन्ही संस्कारांमुळे आपली अपेक्षा अशी होते की व्हायोलिनने एक तर गावे, नाही तर समुदायाने मागे राहून गाण्याला कांती द्यावी. बर्ड यांचे छेडलेले ठेके किंवा एलिस यांची खरखर या दोन्ही अपेक्षांत बसत नाही, म्हणून ती आपल्याला प्रथमदर्शनी कोरडी वाटण्याचा संभव फार. हा कोरडेपणा गाण्याचा की आपल्या सवयीचा, हा प्रश्न मत देण्यापूर्वी स्वतःस विचारावा. ज्यांना दोन्ही परंपरांचा सांधा ऐकावयाचा असेल त्यांनी केरळातील थैक्कुडम ब्रिज या समूहात गोविंद वसंता यांचे व्हायोलिन ऐकावे; तेथे दाक्षिणात्य गमके रॉक संगीताच्या दणदणाटात आपली जागा कशी राखतात ते दिसेल, आणि भारतीय स्वतंत्र संगीताला यादीत एक-दोन जागा का द्याव्यात याचे उत्तरही मिळेल.

आता प्रत्यक्ष श्रवणाची व्यवस्था. दोन गाण्यांपैकी जे किंचित मोठ्या आवाजात वाजते ते मनुष्याच्या कानाला अधिक चांगले वाटते, ही ध्वनिशास्त्रातील सुपरिचित गोष्ट आहे. आणि २००५ नंतरची मुद्रणे १९८९ च्या मुद्रणापेक्षा बहुधा मोठ्याने वाजतात. म्हणून सर्व गाण्यांची पातळी समान करून घ्यावी. गाणी ऐकविणाऱ्या बहुतेक साधनांत तशी सोय असते. प्रत्येकाने स्टुडिओतील मूळ मुद्रणच ऐकून मत द्यावे, कारण मैफलीतील दृश्यमुद्रणात वादकाचे पाय यंत्रावर नाचताना दिसले की डोळे कानांच्या वतीने मत देऊन टाकतात. दृश्यमुद्रण अभ्यासासाठी पाहावे, पण निवाड्यासाठी पाहू नये. आणि गाणी प्रत्येक मतदाराने निरनिराळ्या क्रमाने ऐकावीत, हे मी विशेष निक्षून सांगतो. ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा म्हणजे व्हायोलिनवादकांच्या जगातील सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक; तिची पूर्वज असलेली १९३७ सालची स्पर्धा डेव्हिड ऑइस्ट्राख यांनी जिंकली होती. या स्पर्धेच्या निकालांचा फ्लोरेस व गिन्सबर्ग या अर्थशास्त्रज्ञांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास असे दाखवितो की अंतिम फेरीत वादनाचा क्रम चिठ्ठ्यांनी ठरत असूनही उशिरा वाजविणाऱ्यांना वरचे क्रमांक मिळण्याचा संभव अधिक, आणि पहिल्या दिवशी वाजविणाऱ्यांना कमी. जेथे परीक्षक जगद्विख्यात वादक असतात तेथे ही अवस्था, तर सायंकाळी एकत्र जमलेल्या मित्रांच्या कानांवर क्रमाचा परिणाम होणार नाही असे मानणे धाडसाचे होईल.

मते मोजण्याच्या पद्धतीकडे आपल्याकडे अक्षम्य दुर्लक्ष होते. ‘प्रत्येकाने एक गाणे सांगावे’ हा सर्वांत सोपा मार्ग सर्वांत अन्यायकारक ठरू शकतो, हे एका कल्पित उदाहरणाने दाखवितो. समजा तीस मतदार आहेत व गाणी तीन: डर्टी थ्रीचे ‘सिरेना’, आणि बर्ड यांची ‘फेक पॅलिंड्रोम्स’ व ‘पुलास्की ॲट नाइट’. बारा जणांनी ‘सिरेना’ला, दहांनी ‘फेक पॅलिंड्रोम्स’ला व आठांनी ‘पुलास्की’ला मत दिले, म्हणजे ‘सिरेना’ विजयी. पण समजा बर्ड यांच्या अठराही चाहत्यांनी ‘सिरेना’ला मनातून तिसरे स्थान दिले होते, आणि ‘सिरेना’च्या बाराही जणांनी ‘फेक पॅलिंड्रोम्स’ला दुसरे. आता पहिल्या क्रमांकास दोन गुण, दुसऱ्यास एक व तिसऱ्यास शून्य असे दिले तर ‘फेक पॅलिंड्रोम्स’ला चाळीस, ‘पुलास्की’ला सव्वीस व ‘सिरेना’ला चोवीस गुण पडतात, जे पहिले होते ते शेवटी जाते. दोन-दोन गाण्यांची समोरासमोर तुलना केली तरी ‘फेक पॅलिंड्रोम्स’ ‘सिरेना’स अठरा विरुद्ध बारा आणि ‘पुलास्की’स बावीस विरुद्ध आठ मतांनी मागे टाकते. एकाच कलावंताची दोन गाणी यादीत आली की त्याचे चाहते विभागले जातात व तिऱ्हाइताचा लाभ होतो. गुणांची ही पद्धत अठराव्या शतकात फ्रान्सच्या बोर्दा या गणितज्ञाने मांडली, आणि समोरासमोरच्या तुलनेचा पुरस्कार काँदोर्से याने १७८५ साली केला.

बाद-फेरीची पद्धत सध्या फार लोकप्रिय आहे, कारण तिच्यात चुरस आहे. पण सोळा गाण्यांची अशी सोडत चिठ्ठ्यांनी काढली तर दुसऱ्या क्रमांकास खरोखर पात्र असलेले गाणे पहिल्याच्याच अर्ध्या भागात येण्याची शक्यता सात पंधरांश, म्हणजे जवळजवळ निम्मी असते. आणि तसे झाल्यास ते अंतिम फेरी पाहण्यापूर्वीच बाद होते. विजेता कोण एवढेच हवे असेल तर ती पद्धत चालेल. क्रम हवा असेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नये. सर्व जोड्यांची तुलना ही सर्वांत सूक्ष्म पद्धत, पण आठ गाण्यांच्या जोड्या अठ्ठावीस होतात, बाराच्या सहासष्ट आणि विसांच्या एकशे नव्वद; विसांच्या पुढे कान थकतो व मत यांत्रिक होते. माझा सल्ला असा की आठांपर्यंत जोड्यांनी तुलना करावी. बारापर्यंत प्रत्येकाने संपूर्ण अनुक्रम लिहून द्यावा व गुणांनी बेरीज करावी. त्याहून मोठी यादी असेल तर प्रत्येकाने दहा गाणी निवडावीत. ट्रिपल जेच्या कौलात मतदार दहा गाणी निवडतो व ती सर्व समान मानली जातात. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाच्या समीक्षक-कौलात मात्र दहा संग्रहांत शंभर गुण वाटून द्यावयाचे असत, एकास तिसांहून अधिक नाही व पाचांहून कमी नाही. ही दुसरी पद्धत मला अधिक पसंत आहे; आवडीची तीव्रता तिच्यात नोंदली जाते आणि कमाल मर्यादेमुळे कोणा एकाचा हट्ट निकालावर स्वार होत नाही.

कौल चालू असताना मतांची गणती कोणासही कळू देऊ नये. या एका नियमाच्या बाबतीत मी कोणतीही सवलत देण्यास तयार नाही. कोलंबिया विद्यापीठातील सॅल्गानिक, डॉड्स व वॉट्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौदा हजारांहून अधिक श्रोत्यांना अपरिचित समूहांची ४८ गाणी ऐकविली. काहींना इतरांची निवड दिसत नव्हती. इतरांना आठ स्वतंत्र गटांत विभागले होते व प्रत्येकास फक्त आपल्या गटातील निवडीचे आकडे दिसत. आकडे दिसणाऱ्या गटांत आघाडीची गाणी अधिकच पुढे गेली, आणि कोणते गाणे पुढे जाईल हे गटागटाला बदलले. उत्कृष्ट गाणी सहसा तळाला गेली नाहीत व अगदी निकृष्ट गाणी वर आली नाहीत. पण मधल्यांच्या बाबतीत कोणताही निकाल संभवत होता. तेव्हा मतपत्रिका बंद ठेवाव्यात, मुदत आधी जाहीर करावी आणि मुदतीनंतर सर्व मतपत्रिका एकदम उघडाव्यात. प्रचाराची मोहीम उभी राहिली तर व्यवस्थापकाने ठामपणा दाखवावा. २०१५ च्या जानेवारीत ट्रिपल जेने टेलर स्विफ्ट यांच्या ‘शेक इट ऑफ’ या गाण्यासाठी चाललेल्या मोहिमेनंतर ते गाणे कौलातून वगळले, आणि गाण्याविषयी कोणाचे काही मत असो, तो निर्णय वाजवी होता.

बरोबरी झाल्यास समोरासमोरच्या मतांनी ती सोडवावी. प्रत्येक मतपत्रिकेसोबत, पहिल्या तीन गाण्यांपुरते तरी, व्हायोलिन तेथे काय करते याविषयी एक वाक्य लिहून मागावे, आणि निकालाबरोबर ती वाक्ये नावांशिवाय सर्वांना वाचावयास द्यावीत. अनुभव असा की निकाल लोक विसरतात, पण दुसऱ्याने जे ऐकले व आपण ऐकले नव्हते ते वाक्य वाचून पुन्हा गाण्याकडे वळतात. ज्याला असे वाक्य लिहिता येत नाही त्याने मत रोखून ठेवावे आणि गाणे आणखी एकदा ऐकावे.

माझी स्वतःची मतपत्रिका अशी. पहिला क्रमांक ‘फेक पॅलिंड्रोम्स’ला: तीन मिनिटांच्या आत व्हायोलिन तेथे चालही देते, ठेकाही देते आणि गायकाला उत्तरही देते, व यांपैकी कोणतेही काम दुसऱ्या वाद्याकडे सोपविता येत नाही. दुसरा ‘सिरेना’ला, कारण शब्दांची उणीव तेथे क्षणभरही भासत नाही. तिसरा पॅलेट यांच्या विन-रेजीनवरील गाण्याला; आवर्तन-यंत्राचा इतका संयमित उपयोग मी अन्यत्र ऐकलेला नाही. ‘पिक्चर्स ऑफ मॅचस्टिक मेन’ चौथे, आणि मूळ चाल दुसऱ्याची असल्यामुळेच ते त्याहून वर जात नाही. ज्यांना हा क्रम अमान्य असेल त्यांनी ही चारही गाणी समान आवाजात, उलट क्रमाने, अथपासून इतिपर्यंत ऐकावीत आणि मग आपला क्रम कारणांसह लिहून आपल्या मंडळात दाखल करावा.